रॉकीची आंघोळ

गावात वास कुत्र्यांमुळं येतो म्हणं! वा रं सरपंच! अन् तुम्ही कुत्री धरणारे गाडीवाले, त्याच्या एका कागदावर माझ्या भुऱ्याच्या गळ्यात फास टाकताय व्हय? थांबा, आधी कालची ग्रामसभा ऐका.

सरपंच भगवंतराव छाती काढून म्हणाला, "गावठी कुत्री घाणीत लोळत्यात अन् गाव नासवत्यात. पैदासच घाणेरडी. आमचा रॉकी बघा, गादीवर झोपतो."

आमची चांगुणाकाकी उठली. "मग सरपंच, रॉकीला हितंच साबणानं धुवा अन् मोकळा सोडा. गादीकडं गेला तर आमची सगळी कुत्री घेऊन जावा."

सरपंचाला चेवच चढला. वासाचा साबण मागवला, चावडीपुढं चोळून चोळून आंघोळ घातली. आता साबणाचा वास कुत्र्याला सोसत नसतो, हे शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. धुतलं की ते मनाजोगता वास हुडकून त्यात लोळणारच. रॉकी सुटला तो थेट सरपंचाच्या पोल्ट्रीमागं. सगळी सभा त्याच्या मागं. बघतो तर मेलेल्या कोंबड्यांचा उघडा खड्डा, अन् त्यात रॉकीसाहेब चारी पाय वर करून लोळत्यात!

काकी म्हणाली, "सरपंच, आमची कुत्री वासाची नुसती हमाली करत्यात. कारखाना तुमचा हाय."

तवा सरपंच तोंड लपवून पळाला, अन् आज सकाळी बिनलाजा तुमची गाडी धाडतोय! काढा तो फास. गाडी पोल्ट्रीमागं घ्या अन् आधी त्या कोंबड्या भरा.