सालचोपणी

त्या राज्यात एकशे तीस सालं होऊन गेली होती, पण प्रजा बोलायची ती एकाच सालाबद्दल, तेविसाव्या. बाकीची आली काय नि गेली काय, कुणाला त्यांचं सोयरसुतक नव्हतं.

तेविसावं साल म्हटलं की रेड्यांची छाती फुगायची. त्या साली त्यांनी टेकडीवरून वाघाला हुसकलं होतं. शेळ्या म्हणायच्या, कसला वाघ नि कसलं काय, त्या साली आमच्या खापरपणजीनं शिंगांनी कुरणाचं कुंपण पाडलं. कावळ्यांना दोन्हीशी कर्तव्य नव्हतं. त्या साली इतके पिंड मांडले गेले, की शिवून शिवून चोची दुखल्या, एवढंच ते डोळे मिटून सांगायचे.

साल निसटून जाऊ नये म्हणून राज्यात एक रीत होती. दर वर्षी सालाच्या दिवशी, जिथं ते घडलं ती जागा धुम्मस घेऊन चोपायची, घरातली जमीन करताना माती ठोकून बसवतात तशी. रेडे टेकडी चोपायचे, शेळ्या कुरण, कावळे वडाखालची माती. मग एकमेकांना यथेच्छ शिव्या घालून सगळे घरी जायचे. नदीकाठच्या वाळूकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे, आणि ठमाकाकूंना नेमकं तेच हवं होतं.

ठमाकाकू म्हणजे कासवीण. तेविसावं साल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्यांपैकी राज्यात त्या एकट्याच उरल्या होत्या. वाळूत त्यांची तीस अंडी पुरलेली होती, आठवड्याभरात फुटायची. ही शेवटची, यापुढे होणार नाहीत, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या दिवसभर काठावर बसून असत आणि आल्यागेल्यावर डाफरत.

त्यात राजाचं बोलावणं आलं. हत्तीमहाराज तीन टोळ्यांच्या भांडणाला विटले होते. यंदा एकच जागा चोपायची, तिथं एकच खांब उभा करायचा, आणि जागा सांगतील ठमाकाकू, असा हुकूम निघाला. काकू दोन दिवस चालून दरबारात पोचल्या. त्यांनी वाटेतच ठरवून टाकलं होतं: टेकडी म्हणायचं आणि सुटायचं. रेड्यांच्या नादी कोण लागतंय!

पण दरबार म्हटला की भाषणं आलीच. रेड्यांचे म्होरके दाजीसाहेब उठले आणि घसा खाकरून म्हणाले, "काकू, तुम्ही पाहिलंच आहे. एवढं रण माजलं, पण आमच्या खुराखाली मुंगीसुद्धा चिरडली नाही."

"आमच्याकडून तर गवताचं पातं मोडलं नाही," शेळ्यांची म्होरकी म्हणाली.

इथं काकूंचं डोकं फिरलं. एकशे सात वर्षं गिळलेलं सगळं वर आलं.

"मेल्यांनो! मुंगी नाही म्हणे! माझी बावीस अंडी कुणी तुडवली रे? वाघ पळाला नदीकडं, तुमचे आजे त्याच्या मागं, आणि कुंपण पडलं म्हणून नाचत शेळ्या त्यांच्या मागं. सगळी वरात माझ्या वाळूवरून गेली. पाऊस लागेपर्यंत मी टरफलं वेचत होते. मला विचाराल तर तेविसावं साल म्हणजे तेवढंच!"

दाजीसाहेबांनी मान खाली घातली. एका कावळ्यानं चक्क डोळे पुसले. काकूंना हायसं वाटलं. लाजले एकदाचे, आता जन्मात वाळूकडं फिरकायचे नाहीत. एवढी वर्षं आपण उगाच तोंड शिवून बसलो, असंही त्यांना वाटून गेलं.

तेवढ्यात महाराजांना हुंदका आला. "सापडली!" ते म्हणाले. "रेडेही तिथं, शेळ्याही तिथं, आणि वर बावीस हुतात्मे! याहून चांगली जागा कुठली?"

दरबार उठून उभा राहिला. एकशे सात वर्षांत पहिल्यांदाच रेड्यांनी शेळ्यांना मिठ्या मारल्या. दोन शेळ्यांच्या बरगड्या दुखावल्या, पण त्यांनी कुरकुर केली नाही.

"अहो, तिथं आत्ताची अंडी आहेत!" काकू ओरडल्या.

"आहेतच की, काकू," दाजीसाहेब गहिवरून म्हणाले. "आमच्या काळजात आहेत."

दुसऱ्या दिवशी काकूंना हार घालून पालखीत बसवलं आणि मिरवणूक नदीकडे निघाली. काकू जीव खाऊन ओरडत होत्या, "अंडी आहेत रे!" खालून हजार तोंडं म्हणत होती, "अमर आहेत!" काकूंचा आवाज चढला की घोषणाही चढायची. काकूंनी दोनदा पालखीतून उडी मारली. दोन्ही वेळा त्यांना अदबीनं उचलून परत ठेवलं. तिसऱ्यांदा मारली तेव्हा उताणं ठेवलं, म्हणजे माउली पडायला नकोत. मग त्यांना फक्त आभाळ दिसत राहिलं आणि खुरांचा आवाज ऐकू येत राहिला.

वाळूवर खांब आणला गेला. बांधकामाचा मुकादम एक घूस होता. त्यानं दोनदा खांब रोवून पाहिला, मग वाळूला कान लावला आणि महाराजांकडे आला.

"महाराज, खांब बसत नाही. खाली काहीतरी पोकळ आहे. वळवळतंयसुद्धा."

"जमीन भुसभुशीत असेल," महाराज म्हणाले. "रेडे आणि शेळ्या, दोघांनी मिळून चोपा. यंदापासून आपण एक आहोत."

आणि दोघांनी हसतमुखानं एकाच धुम्मसाला हात घातला.