चिंधू उंदराचा भुलभुलैया

फार फार मागची गोष्ट. चिंधू उंदीर मिशा पिळून म्हणाला, "असा भुलभुलैया रानात दुसऱ्या कुणी खणला नाही! म्हणजे, एवढा रिकामा वेळच दुसऱ्या कुणाला नव्हता."

वर्षभर त्यानं आत घसरगुंड्या खणल्या, चोरवाटा काढल्या. दार मात्र काट्यांच्या झुडपात तसंच राहिलं. ते साफ करण्यात कसली आलीय मजा!

आज सशीणबाई पहिल्यांदाच खेळायला येणार होत्या. चिंधू आत कान टवकारून बसला. डोक्यावर पावलं वाजली, तीनदा गोल फिरली आणि लांब जाऊ लागली. तो धडपडत बाहेर आला.

"अहो, थांबा! दार इथंच तर आहे. मी डोळे मिटून आत जातो!"

"तुम्ही जालच हो, चिंधूभाऊ," अंगातले काटे उपटत सशीणबाई म्हणाल्या. "मग मला कशाला बोलावलंत?"