बिनफणसाचा तिठा

या तिठ्याला फणसाचा तिठा म्हणतात. फणस शोधू नका, मंडळी, तो नाही. मघाशी तुम्ही वाट विचारलीत, तेव्हा त्या काकू चुलीवरचा भात उतरवून तुमच्याबरोबर इथवर चालत आल्या आणि तुम्ही आपसात हसलात. हसा, पण त्यामागचं ऐकून जा.

पूर्वी इथे मोठा फणस होता, असं सांगतात. आमच्या घराण्यातल्या बुधाजीची एकुलती लेक यसू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बुधाजीला कोण आनंद! तिच्यासाठी त्याने नवी खोली बांधायला काढली आणि तुळईसाठी हाच फणस तोडला. पाळणा टांगायचा, तर तुळई भक्कमच हवी ना.

तुळई चढली आणि आठवड्याभरात यसूला कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. बुधाजी सड्यापलीकडच्या, म्हणजे या कातळाच्या माळापलीकडच्या, चिमा सुईणीकडे धावला. ती दुसऱ्या बाळंतिणीपाशी बसलेली. म्हणाली, "तू हो फुडं. हिला मोकळी करत्ये नि येत्ये. वाट तेवढी सांग."

बुधाजीचा सगळा जीव लेकीपाशी. घाईघाईने म्हणाला, "सड्यावरनं सरळ ये. फणस लागला की डाव्या हाताला वळ. समोर घरच."

जन्मभर तो हीच वाट सांगत आला होता. हाताने तोडलेला फणस तोंडातून गेला नव्हता.

दुपारी सड्यावर धुकं उतरलं. चिमा तिठ्यावर आली, फणस दिसला नाही, म्हणून सरळ पुढे गेली. पुढे कड्याच्या टोकाला एक फणस होता. तिथे ती सांगितल्याप्रमाणे डावीकडे वळली.

इकडे यसू दाराकडे बघत होती. "बाबा, आली काय ती?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होती म्हणे. दिवेलागणीला मूल गेलं, मागोमाग तीही गेली. चिमा दोन दिवसांनी कड्याखाली सापडली.

त्यानंतर बुधाजी मरेपर्यंत इथे, तोडलेल्या फणसाच्या बुंध्यापाशी उभा राहिला. येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून वळवायचा. आता कुणासाठी, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. माझा तर सांगतानाही जीव तुटतो.

आजही आमच्या गावात डावं-उजवं कुणी नुसतं तोंडाने सांगत नाही, हातातलं काम टाकून सोबत येतं. ती तुळईही आमच्या घरात आहे. अजून कीड लागलेली नाही. पाळणा मात्र तिला कुणी कधी टांगला नाही.