हाकेच्या दिशेने सुटलेला बाण

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. रानाला लागून वीस-पंचवीस झोपड्यांचं एक गाव होतं. खाली ओढा, ओढ्यापलीकडे बांबूचं मोठं बेट आणि त्याच्या वर डोंगरभर जंगल. गावातली माणसं नाचणी पिकवायची, सुपं-टोपल्या विणायची आणि सुगी आटोपली की तिरकामठे घेऊन रानकोंबड्यांच्या शिकारीला जायची.

रानकोंबडा हाती लागणं सोपं नसतं. उकिरड्यावरच्या कोंबड्याची गोष्ट वेगळी. रानातला हा पान हललं तरी बुजतो, सावली सरकली तरी पळतो.

त्या गावात लखमा नावाचा म्हातारा शिकारी होता. त्याची रीत एकच. उजाडता उजाडता जाऊन झुडपात बसायचं, अंगावर पाला ओढून घ्यायचा आणि तोंडानं कोंबडीचा आवाज काढायचा, "कुट् कुट् कुट्." एकदाच. मग गप्प. पायावर मुंग्या चढल्या तरी गप्प. कोंबड्याला वाटायचं, ही कोण बोलावून रुसून बसली? आणि तो आपणहून शोधत यायचा.

लखमाला एकुलती एक मुलगी होती, जिवली. तिचा नवरा नवसू सासऱ्याच्याच घरी राहायला आलेला. तरणाबांड गडी, पायाला भिंगरी. बसणं त्याला ठाऊकच नव्हतं. कोंबडा आरवला की हा त्या दिशेनं सुटायचा. कधी वाकून, कधी रांगत, कधी काट्यांतून अंग ओरबाडून घेत तो कोंबड्याला गाठायचाच. आणि खोटं कशाला बोला, त्यालाही शिकार मिळायची. पानगळीत कोंबडे पांगले की लखमा दिवसभर बसून रिकाम्या हातानं परतायचा आणि नवसूच्या खांद्यावर दोन-दोन कोंबडे लटकलेले असायचे. मग पारावर वाद रंगायचा. बसणारा खरा की धावणारा?

लखमा त्या वादात कधी पडला नाही. तो एवढंच म्हणायचा, "नवसू, धाव की. धावायचंच वय आहे तुझं. पण दोरी सोडायच्या आधी थांबत जा. कोंबड्याचे पाय दिसले तरच बाण सोड. आवाज काय, कुणीही काढतो."

"होय मामा," नवसू म्हणायचा आणि विसरून जायचा.

नवसूच्या मनात एक सल होता. गावात त्याला कुणी नवसू म्हणत नसे, 'लखमाचा जावई' म्हणत. पाणवठ्यावरच्या बाया तर हसून 'घरजावई' म्हणायच्या. लखमा त्याला कधी उणं बोलला नव्हता. ताटातला चांगला तुकडा तो जावयाकडे सरकवायचा. पण तो तुकडाच नवसूच्या घशाखाली उतरत नसे.

एके वर्षी गावाचा नाईक पारावर उभा राहून म्हणाला, "शिकारीचा म्होरक्या आता थकला. नवा नेमायचा आहे. बेटात तो जुना कोंबडा आहे ना, सोनेरी मानेचा? तीन वर्षं तो सगळ्यांना झुलवतोय. पुनवेच्या आत जो त्याला आणेल, तो म्होरक्या."

म्होरक्याचा मान मोठा होता. कोण कुठं बसणार, कुणाच्या घरी किती मांस जाणार, हे तो ठरवायचा. नवसूच्या डोळ्यांपुढे तेच नाचू लागलं. मग कोण म्हणेल घरजावई?

त्या संध्याकाळी लखमा अंगणात बसून तिरकामठ्याची दोरी ताणून पाहत होता. तो म्हणाला, "उद्या दोघं मिळून जाऊ. मी बोलावतो, तू मार. माझा हात आता कापतो, तुझा नेम चांगला आहे. म्होरक्या तूच हो."

दुसरा कुणी असता तर पाया पडला असता. नवसूला मात्र वाटलं, म्हणजे लोक म्हणणार, सासऱ्यानं कोंबडा बोलावून दिला, जावयानं नुसता उचलला. तो म्हणाला, "नको मामा. बसून राहणं मला जमत नाही. मी एकटाच जाईन."

लखमानं तिरकामठा भिंतीला टेकवला. "बरं," तो म्हणाला. "मी बेटात मोठ्या दगडाशी बसेन. तू वरच्या अंगानं फिर. म्हणजे एकमेकांच्या आड यायला नको."

सकाळी दोघं ओढ्यापाशी वेगळे झाले.

वर चढतो न चढतो तोच नवसूला कोंबड्याची बांग ऐकू आली. तो धावला. पोहोचला तेव्हा कोंबडा पलीकडच्या घळीत आरवत होता. घळ उतरला, तर आवाज टेकडीवर. टेकडी चढला, तर पुन्हा खाली. ऊन डोक्यावर आलं. पाय सोलवटले, घसा कोरडा पडला, आणि धावता धावता आपण किती खाली आलो याचंही भान त्याला उरलं नाही.

तेवढ्यात समोरच्या झुडपाआड आवाज आला, "कुट् कुट् कुट्."

नवसू जागच्या जागी वाकला. जिथं कोंबडी, तिथं कोंबडा. लगेच झुडपाच्या पलीकडून जवळच बांग आली. मग झुडपातला पाला हलला. पाय दिसले नव्हते. नुसता पाला हलला होता. पण सकाळपासूनची सगळी धावाधाव त्याच्या हातात गोळा झाली होती. त्यानं दोरी सोडली.

झुडपातून माणसाचा आवाज आला. मोठा नव्हे. ओझं उतरवताना म्हातारी माणसं कण्हतात, तसा.

आणि झुडपाच्या पलीकडून, जेमतेम दहा पावलांवरून, सोनेरी मानेचा कोंबडा फडफडत उडाला आणि जंगलात दिसेनासा झाला. तो लखमाकडेच चालत येत होता. नवसू आणखी चार श्वास थांबता, तर कोंबडा उघड्यावर आला असता.

नवसूनं पाला बाजूला केला. लखमा मोठ्या दगडाला टेकून बसला होता. बाण बरगडीत रुतला होता. नवसूनं त्याला दोन्ही हातांनी धरलं. "मामा! मामा, मला वाटलं... मला दिसलं नाही हो!"

"माहीत आहे," लखमा म्हणाला. बोलताना त्याच्या ओठांवर रक्त येत होतं. "नवसू, ऐक. जिवलीला तू सांग. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिला कळायला नको. आजच सांग. दिवस जाऊ देऊ नकोस, दिवस गेला की जीभ जड होते."

"सांगतो मामा. तुम्ही बोलू नका."

त्यानं सासऱ्याला पाठीवर घेतलं आणि तो धावला. धावण्यात त्याचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. पण ओढा ओलांडायच्या आतच पाठीवरचं ओझं वेगळंच जड झालं. नवसूनं त्याला काठावर निजवलं, हाक मारली, हलवलं. मग बराच वेळ तो नुसता बसून राहिला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच तो इतका वेळ एका जागी बसला होता.

बसल्या बसल्या त्याच्या मनात विचार आला. शिकारीत माणूस मारणाऱ्याचा तिरकामठा गाव मोडून टाकतं आणि त्याला रानाबाहेर घालवतं. जिवली काय म्हणेल? पाणवठ्यावर काय बोलतील? त्यानं बाण उपसला आणि ओढ्याच्या डोहात टाकला.

गावात आल्यावर तो म्हणाला, "मामा बेटात घसरले. तोडलेल्या बांबूचा खुंट बरगडीत घुसला."

बांबूचे खुंट भाल्यासारखे असतात, सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी शंका घेतली नाही. जिवलीनं आकांत केला, मग ती उठली आणि बापाच्या अंगावरचं रक्त तिनं स्वतःच्या हातानं धुतलं. धुता धुता तिचा हात एका जागी थांबला. तिनं वर पाहिलं. नवसू दाराशी उभा होता. ती पुन्हा जखम धुऊ लागली.

नवसूनं मनाशी ठरवलं, आज नको, आज ती फार रडते आहे. दिवसकार्य झालं की सांगू. दिवसकार्य झालं. मग वाटलं, पेरण्या होऊ देत, तिच्यावर कामाचा भार आहे. पेरण्या झाल्या. रोज संध्याकाळी जिवली चुलीपुढे बसून विचारायची, "काही सांगायचं होतं का तुम्हाला?" तो म्हणायचा, "नाही. कुठं काय?"

सोनेरी मानेचा कोंबडा कुणाच्याच हाती लागला नाही. पेरण्यांच्या आधीच पुनव होऊन गेली होती. तेव्हा नाईक म्हणाला, "लखमा असता तर तोच म्होरक्या झाला असता. आता त्याचा जावईच होऊ दे. म्हाताऱ्याच्या आत्म्याला बरं वाटेल." गावानं नवसूच्या डोक्याला मुंडासं बांधलं. मुंडासं नीट बसलं होतं, तरी तो दिवसभर ते चाचपत राहिला.

पाऊस संपल्यावर नाईकानं आणखी एक गोष्ट काढली. "ज्या बेटानं आपला लखमा नेला ते ठेवायचं नाही. उद्या दुसऱ्या कुणाला नेईल. नवसू, कोणता खुंट तो दाखव. तिथून तोडायला सुरुवात करू."

सगळं गाव कोयते घेऊन बेटात जमलं. जिवलीही आली होती. नवसूला अजून बोलता आलं असतं. लोक थांबले होते, वाट पाहत होते. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि एका खुंटाकडे बोट दाखवलं. कुठल्याही.

जिवलीनं पदर तोंडावर घेतला आणि ती एकटीच घरी निघून गेली.

आठ दिवसांत बेट भुईसपाट झालं. रानकोंबड्यांचा आडोसा गेला, ते डोंगरापलीकडे निघून गेले. सुपं विणणाऱ्या बायांना बांबूसाठी दोन कोस चालावं लागू लागलं. त्यांच्यात एक म्हातारी होती, गुडघ्यांनी अधू. ती दारात रिकाम्या हातानं बसून राहायची. नवसू समोरून गेला की म्हणायची, "तुझा तरी काय दोष रे बाबा? माणूस गेलं तुझं." ते ऐकून नवसू घरी यायचा आणि न जेवताच पडून राहायचा.

नाचणी कापून झाली त्या संध्याकाळी त्याला राहवेना. जिवली अंगणात धान्य पाखडत होती. तो तिच्यासमोर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. आवाज, हललेला पाला, डोहातला बाण. लखमाचे शेवटचे शब्दही सांगितले.

जिवलीच्या हातातलं सूप हलायचं थांबलं नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "खुंट आडवातिडवा फाडतो. बाबांची जखम बोटभर होती, सरळ. मी शिकाऱ्याची मुलगी आहे."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून. पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर मी ऊर बडवला असता, तुम्हाला मारलंही असतं. पण हातून चूक घडली, हे मला कळलं असतं. गावानं घालवलं असतं, तर तुमच्याबरोबर मी पण आले असते. रोज मी विचारत होते. बेटात शेवटचं थांबले. तुम्ही बोट दाखवलंत, तेव्हा माझं थांबणं संपलं."

"जिवले, चुकलो मी. आता तरी..."

तिनं सूप खाली ठेवलं. आजवर तिनं नवऱ्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती.

"हे घर माझ्या बापाचं आहे," ती म्हणाली. "तू ऊठ."

नवसू उठला. नाईकाच्या दारात जाऊन त्यानं मुंडासं आणि तिरकामठा त्याच्या पायाशी ठेवला आणि सगळं पुन्हा सांगितलं. नाईकानं तोडलेल्या बेटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "आता सांगतोस होय?" त्यानं तिरकामठा गुडघ्यावर मोडला. कुणी नवसूला शिवी दिली नाही, कुणी दगड मारला नाही. तो चालू लागला तसे लोक वाटेतून बाजूला झाले, एवढंच. ती अधू म्हातारी दारात बसली होती. तिनं या वेळी तोंड फिरवलं.

त्यानंतर नवसू त्या रानात कुणाला दिसला नाही. जिवलीनं ते घर एकटीनं चालवलं. बांबूचं बेट पुन्हा वाढायला तीन पावसाळे लागले. रानकोंबडे मात्र परत आले नाहीत.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच, मुलांनो: हात उचलण्याआधी थांबावं, पण हातून झालेलं कबूल करायला थांबू नये. नवसूनं थांबायच्या जागी घाई केली आणि घाईच्या जागी थांबून राहिला.