बॅटरीचा संताप

यंत्रे आपसांत भांडत असत, त्या काळी एका शाळेच्या रोबोत छोटा संगणक, दोन मोटरी आणि एक बॅटरी राहत. शर्यतीच्या सरावात चाके फिरू लागली की संगणक बेशुद्ध पडे आणि रोबो जागीच थांबे. शाळेतल्या देवस्थळीबाई म्हणाल्या, “आता रोबो पुन्हा बंद पडला, तर ही बॅटरी भंगारात देऊ.”

“म्हातारे, उपाशी ठेवतेस मला!” संगणक ओरडला.

बॅटरी उसळली. “लाज नाही वाटत? मोटरी एका दमात सगळी वीज ओढतात, म्हणून तुला उरत नाही. आणि ‘सुटा, पूर्ण वेगाने!’ असा हुकूम त्यांना कोण देतो रे?”

मग संगणकाने मोटरींना हळूहळू वेग घ्यायला सांगितले. रोबो न थांबता शेवटच्या रेषेपार गेला.

सगळ्यांनी संगणकाच्या हुशारीचे कौतुक केले. बॅटरी मात्र त्याच्याकडून ‘चुकलो’ एवढे ऐकण्याची अजून वाट पाहते आहे.