घणमाळाची भिंत

स्टेशनाकडून बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर घणमाळाची वस्ती लागते. तिच्या पुढ्यात दीडशे पावलं लांब दगडी भिंत आहे आणि भिंतीवर माणसांची तोंडं आहेत. ती रंगवलेली नाहीत. फरशीचे आणि कौलाचे तुकडे एकाला एक भिडवून बसवलेली आहेत. आत शिरलात तर आणखी एक गोष्ट दिसेल. प्रत्येक घराच्या छपरात एका कौलाची जागा रिकामी, आणि तिथं काच. आता स्लॅबची घरं झाली, तरी स्लॅब टाकताना कौलाएवढं भोक ठेवतातच. इंजिनिअर म्हणतो गळेल. वस्ती म्हणते गळू दे.

पाहुणे विचारतात, हे काय खूळ? खूळ नाही. त्याची हकिगत आहे.

फार वर्षांमागं इथं सगळे दगडफोडेच राहत. गावातला एकही पाया यांच्या घणाशिवाय उभा राहिला नव्हता. त्यांच्यात यल्लूबाई होती. नवरा खाणीत दरडीखाली गेलेला, मूलबाळ नाही. ती घण पुरुषासारखा चालवायची असं सांगतात. तिनं हे ऐकलं असतं तर म्हणाली असती, पुरुष माझ्यासारखा चालवतात.

एका उन्हाळ्यात नगरपालिकेचा मुकादम आला. रस्त्याकडेनं भिंत घालायची, आत पोरांसाठी बाग होणार, म्हणाला. आपल्याच पोरांची बाग, म्हणून वस्तीनं जीव ओतून भिंत बांधली. ओळंबा धरून, सांधे घासून, सुई शिरणार नाही अशी. शेवटचा दगड बसल्यावर मुकादमानं सांगितलं, फाटक नाही. गावात कोणी मोठा पाहुणा यायचा होता आणि त्याच्या नजरेला ही वस्ती पडायला नको होती. बाग कुठली न काय. ये-जा मागच्या नाल्यातून करायची.

म्हणजे भिंत लपवण्यासाठी, आणि बांधली कोणी, तर ज्यांना लपवायचं त्यांनीच. यल्लूबाईनं दोन दिवस घणाला हात लावला नाही म्हणे. मुकादमापेक्षा तिला स्वतःच्या हातांचा राग आला होता. एवढी सरळ कशाला बांधली, हेच तिला खात होतं.

तिसऱ्या दिवशी शेजारची नागू तिच्या दारात आली. पंधरा वर्षांची, मागं तिच्याच वयाची सात-आठ पोरं-पोरी.

"अक्का, भिंतीला दोन अंगं असत्यात," नागू म्हणाली. "त्यांनी आपल्याला आतल्या अंगाला घातलं. आपण भाईरच्या अंगाला जाऊन बसू."

पाहुणा यायला अकरा दिवस होते. पोरांनी फरशीच्या कारखान्यामागच्या ढिगातून तुकडे वेचले, भिंतीवर कोळशानं तोंडं काढली. कोणाची काढायची ते त्यांनीच ठरवलं. पंचांना विचारलं नाही, त्यावरून बोलणी खाल्ली. सगळ्या बायकांची बाळंतपणं करणारी दुरगव्वा, छिन्न्यांना धार लावणारा तिम्मा, विहिरीत पडलेली दोन पोरं काढणारा आंधळा लच्छू. सगळ्यांत आधी यल्लूबाई.

तिचं तोंड पुरं झालं तेव्हा ती बघायला गेली. बराच वेळ बघितलं.

"ही कोण? दवाखान्यातली गोरी बाई?"

"तूच की, अक्का."

"मी? मी कधी दुधात पडले?"

नागू रडकुंडीला आली. "ढिगात पांढरेच तुकडे हायत. न्हाईतर गुलाबी."

"मग काढ ते. आपलं तोंड आपल्या रंगाचं लागंल, न्हाईतर भिंत कोरी ऱ्हाईल," यल्लूबाई म्हणाली. आणि ती भर उन्हात स्वतःच्या छपरावर चढली. चुलीवरचं कौल काढलं. धुरानं काळं झालेलं, मधे तांबूस. छिन्नीनं त्याचे तुकडे केले आणि पोरांपुढं टाकले. तो रंग बघून पोरांनी लगेच पांढरे तुकडे उपटायला घेतले असं सांगतात.

पण एका कौलात सगळी वस्ती मावत नाही. ती दारोदार गेली. पावसाळा पंधरा दिवसांवर, छपराला भोक कोण पाडून घेणार? तिम्माची बायको म्हणाली, "अक्का, गळायला लागलं तर तुझ्या घरात निजायला येऊ का?"

"ये. माझ्याकडंबी गळतंयच."

एका घराचं एकच कौल, जास्त नाही, असं तिनं बजावलं. जास्त दिलं की मानपान सुरू होतो. कुठलं चुलीवरचं काळं, कुठलं पागोळीचं लाल, कुठलं नवं विटकरी. जेवढी घरं तेवढे रंग, आणि वस्तीत माणसंही तेवढ्याच रंगांची. पांढऱ्या तुकड्यांचे डोळे झाले. दहाव्या दिवशी तेवीस तोंडं रस्त्याकडं बघत होती.

त्याच दुपारी मुकादम हुकूम घेऊन आला. तोंडं फोडा. पण फोडणार कोण? गावात घण धरणारे हात होते ते सगळे याच वस्तीत, आणि ते हाताची घडी घालून उभे. "आजची हजेरी लावतो," मुकादम म्हणाला. कोणी हललं नाही. शेवटी त्यानं स्वतःच घण उचलला आणि घातला. भिंतीवरच्या तिम्माचा कान उडाला. घण उसळून मुकादमाच्याच गुडघ्याला चाटून गेला.

"साहेब, असा धरत न्हाईत," यल्लूबाई म्हणाली. "पायावर पडंल. कसा धरायचा ते दावते, पर फोडणार न्हाई."

माणसं हसली. मुकादम आणखी दोनदा मारून थकला. भिंत जीव ओतून बांधलेली होती. तो घण टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्याची गाडी आली आणि गेली. थांबली नाही, काचही खाली झाली नाही. पोरांची तोंडं उतरली. यल्लूबाईनं मुकादमाचा तोच घण घेतला, जिथं कोणाचं तोंड नव्हतं ती जागा बघितली आणि संध्याकाळपर्यंत एकटीनं भिंतीला फाटक पाडलं. "त्यानं बघावं म्हणून न्हवतं केलं," ती म्हणाली. "आपल्याला लपायचं न्हवतं." मग नाल्याची वाट सोडून सगळी वस्ती रस्त्यावर आली.

आजही दर उन्हाळ्यात वस्तीतली पोरं एक नवं तोंड निवडतात आणि नवं घर आपलं एक कौल देतं, स्लॅबचं असलं तर विकत आणून. तोंडं भिंतीवर जरा खाली आहेत. पोरांनी ती गाडीत बसलेल्या माणसाच्या नजरेला मापून बसवली होती, आणि नवीही त्याच मापानं बसतात. म्हणून आजही चालत येणाऱ्याला त्यांच्याकडं नीट बघायचं तर मान खाली घालावी लागते. मग तो कोणीही असो.