पेठेला चुना लावला कोणी?

“डेरे मी घडवले, पट्टे मी ओढले, आणि माझ्यावरच कोणाचा विश्वास नाही! मग काय त्या डेऱ्यांना विचारणार आहात?”

चावडीसमोर गोजरा कुंभारीण कंबरेवर हात ठेवून ओरडत होती. पेठेतले लोक हसत होते.

भानगड अशी होती. भद्रसेन राजाला नवा कोतवाल नेमायचा होता. राजधानीत पाच पेठा. प्रत्येक पेठेनं आधी आपला एक माणूस निवडायचा, मग त्या पाचांतून राजा एकाला कोतवाली देणार. गोजराच्या पेठेतून दोघे उभे राहिले आणि आठ दिवस चावडीवर नुसती जुंपली!

हैबतराव गडदे मिशीला पीळ देऊन म्हणायचा, “आधी फटके, मग चौकशी! चोर सापडला नाही तर जो सापडेल तो चोर!”

मुकुंदा साळी म्हणायचा, “आधी चौकशी. मारलेला फटका परत घेता येत नाही, बाबांनो.”

शेवटी मतं पडली. घरटी एक चिंचोका. हैबतरावाच्या डेऱ्याला तांबड्या कावेचा पट्टा, मुकुंदाच्या डेऱ्याला पिवळ्या हळदीचा. मतं पडल्यावर डेरे चावडीत कुलपात ठेवले. किल्ली बाळोबा तरटे या मुख्य पंचाच्या कनवटीला. बाळोबा म्हणजे हैबतरावाचा सासरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजासमोर चिंचोके मोजले. तांबड्या पट्ट्याचा डेरा जिंकला!

आणि तिथंच गोजरा ओरडली, “थांबा! वाकड्या तोंडाच्या डेऱ्याला मी हळद लावली होती. आज तो तांबडा कसा? पट्टे बदललेत!”

“तुझंच तोंड वाकडं!” बाळोबा खेकसला. “महाराज, ही बाई पंचांना खोटं पाडते. हिची गाढवावरून धिंड काढा आणि हिचं चाक फोडा!”

“गाढव माझंच आहे, अण्णा,” गोजरा म्हणाली. “ते मला ओळखतं. तुम्हाला मात्र पाठीवर बसू देईल की नाही, विचारून सांगते!”

धिंडीची तिला फिकीर नव्हती. पण चाक? चाक फुटलं तर चूल विझली!

राजा हट्टी. त्यानं बोट उगारलं. “तुझा शब्द मला नको. दुसऱ्या कोणाची साक्षही नको. तो डेराच मला सांगू दे, कालचा पट्टा कोणता होता. डेरा बोलला तर खरं, नाहीतर चाक फुटलं!”

“ऐकलंस का?” बाळोबा खिंकाळला. “बोलव आता मातीला!”

गोजरा डेऱ्यापाशी उकिडवी बसली. पट्टा जवळून पाहिला. जन्मभर कावेत हात घातलेली बाई ती. काव विटकरी असते, मंद असते. हा पट्टा तर सवाष्णीच्या कपाळासारखा झगझगत होता! ही काव नव्हे, हे तर कुंकू! आणि कुंकू कशाचं होतं? हळदीला चुना लागला की होतं!

ती उठली. “महाराज, एक लिंबू मागवा.”

“डेऱ्याला सरबत पाजणार आहेस?”

“घसा कोरडा असेल तर बोलेल कसा?”

लिंबू आलं. गोजरानं ते चिरलं आणि तांबड्या पट्ट्यावर पिळलं. बघता बघता तांबडा ओघळ पिवळा झाला! हळदीसारखा पिवळा जर्द!

“बोलला!” गोजरा म्हणाली. “काव असती तर लिंबानं ढिम्म हलली नसती. ही माझी हळद आहे, महाराज. तिच्यावर चुना फासून तिला तांबडी केली. आणि त्या दुसऱ्या डेऱ्याची काव पुसून वर हळद चोपडली. चिंचोक्याला हातसुद्धा लावावा लागला नाही. अख्ख्या पेठेला चुना लावला!”

राजा ताडकन उठला. “पकडा हैबतरावाला! पट्टा त्याच्या फायद्याचा. द्या शंभर फटके!”

“महाराज!” हैबतराव पांढराफटक पडला. “आधी चौकशी तरी करा!”

लोकांनी टाळ्या पिटल्या. मुकुंदा साळी खो खो हसत खाली बसला.

“हसता काय?” गोजरा गरजली. “बरोबर बोलतोय तो, भले आठ दिवस उशिरा बोलत असेल! महाराज, फटके ठेवा बाजूला. एका परातीत चुन्याचं पाणी आणा. माझे हात तर हळदीचेच, मी सोडून आज चावडीत आलेल्या प्रत्येकानं त्यात बोटं बुडवायची. बस्स, एवढंच!”

परात आली. हैबतरावानं पहिल्यांदा दोन्ही हात बुडवले. कोरे! मुकुंदानं बुडवले. कोरे! बाळोबानं मात्र हात उपरण्यात घातले.

“मी… मी काल घरी लोणच्याला हळद लावली होती!” तो म्हणाला.

“अगंबाई!” गोजरानं गालावर बोट ठेवलं. “घरात चार सुना, आणि लोणचं सासरे घालतात? काढा अण्णा हात, बघू तरी कसं मुरलंय!”

शिपायांनी हात ओढून परातीत घातले. दहाही नखं लालभडक!

“जावई कोतवाल झाला असता तर…” बाळोबा पुटपुटला, पण पुढचं कोणाला ऐकू आलं नाही. कारण राजा पोट धरून हसत होता. हसता हसता त्याचा मुकुट डोळ्यांवर आला.

“गोजराबाई, माती बोलताना मी पहिल्यांदा पाहिली! तळ्याकाठची सगळी चिकणमाती आजपासून तुझी. चावडीची किल्लीही तूच सांभाळ. आणि पेठेचा माणूस मुकुंदा साळी!”

किल्ली पदराला बांधत गोजरा म्हणाली, “महाराज, एक राहिलं. सकाळपासून सगळी पेठ मला खोटारडी म्हणत होती. आता खरं नाव दवंडी पिटून सांगा.”

दवंडीवाल्यानं थाळीवर काठी मारली आणि गल्लोगल्ली ओरडत निघाला, “ऐका हो ऐका! आपल्या पेठेला चुना लावणाऱ्याचं नाव, बाळोबा तरटे!”